ड्रोन आणि साठ्याची जागा

मालवाहतुकीचे नवे साधन व्यापारात उतरले की मालाचा वेग वाढतो, हे सर्वांना दिसते. परंतु व्यापाराच्या इतिहासात त्याहून दूरगामी ठरतो तो साठा ठेवण्याच्या जागेत त्या साधनामुळे झालेला बदल. सीअर्स, रोबक या कंपनीने टपालाने माल विकण्यासाठी १९०६ मध्ये शिकागो येथे जे प्रचंड संकुल उभारले, त्याच्या आतपर्यंत रेल्वेचे रूळ नेलेले होते, आणि दूरदूरच्या शेतकरी कुटुंबांची मागणी तेथून पुरवली जात असे. महामार्ग आणि मालमोटारी आल्यावर ही मांडणी पालटली. वॉलमार्टने १९७० मध्ये आर्कान्सॉ राज्यातील बेंटनव्हिल येथे आपले पहिले वितरण केंद्र, म्हणजे एकगठ्ठा आलेला माल फोडून दुकानांकडे रवाना करणारे गोदाम, सुरू केले आणि पुढे अशा केंद्रांच्या आवाक्यात येणाऱ्या लहान लहान गावांत दुकाने काढली. ड्रोनने माल पोचवण्याचा जेमतेम दशकभराचा इतिहासही साठ्याच्या याच अंगाने तपासला पाहिजे. उड्डाणाच्या नवलाईत तो बहुधा नजरेआड होतो.

अॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १ डिसेंबर २०१३ रोजी दूरचित्रवाणीवर ही कल्पना जगापुढे मांडली, तेव्हा कंपनीकडून जाणाऱ्या वस्तूंपैकी ८६ टक्के वस्तू पाच पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन किलोंहून, हलक्या असतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा मुख्य आधार होता. हा आधार खरा असला तरी अपुरा होता. गोदामापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच्या प्रवासाला व्यवसायात ‘शेवटचा टप्पा’ म्हणतात. त्या टप्प्यावर मालवाहू गाडी एका फेरीत शंभरावर पार्सले वाटते आणि तिचा खर्च त्या सर्वांवर विभागला जातो, तर ड्रोन बहुधा एकच पार्सल घेऊन जातो आणि रिकामा परततो. त्यामुळे जेथे गाडीची फेरी अशक्य किंवा निरर्थक ठरते, तेथेच ड्रोनचे गणित जमते.

असे ठिकाण प्रथम सापडले ते रवांडात, आणि तेही दुकानदारीत नव्हे, तर रक्तपुरवठ्यात. झिपलाइन या कंपनीने ऑक्टोबर २०१६ मध्ये मुहांगा येथे केंद्र उघडले. तेथून स्थिर पंखांचे छोटे विमान गलोलीसारख्या यंत्रातून हवेत फेकले जाई, ते रुग्णालयाच्या आवारावर कागदी छत्रीला बांधलेली पेटी सोडून माघारी येई आणि दोन खांबांमधल्या तारेत अडकवून त्याला उतरवून घेतले जाई. डोंगराळ देशातील रस्त्यांचा वेळ यामुळे वाचला, पण खरा लाभ वेगळाच होता. रक्तातील प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, आणि प्रत्येक रक्तगट प्रत्येक रुग्णालयात ठेवायचा म्हटले की एका ठिकाणी तुटवडा आणि दुसऱ्या ठिकाणी नासाडी अटळ असते. मागणी करताच तासाभरात पुरवठा होईल अशी खात्री मिळाल्यावर विखुरलेला साठा एकत्र ठेवणे शक्य झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, ही सेवा वापरणाऱ्या रुग्णालयांत मुदत उलटून वाया जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण वर्षभरात ६७ टक्क्यांनी घटले. ड्रोनच्या अल्प इतिहासातील हे सर्वांत भरीव फलित आहे, आणि ते वेगापेक्षा साठ्याच्या केंद्रीकरणातून निपजले आहे.

किरकोळ व्यापारात मात्र प्रवाह नेमका उलट दिशेने वाहिला. घरपोच सेवेच्या ड्रोनांचा पल्ला साधारण दहा-बारा किलोमीटरचा असल्याने शहराबाहेरचे अवाढव्य गोदाम त्यांच्या कामाचे उरले नाही आणि वस्तीजवळच्या जुन्या दुकानालाच साठ्याचे मोल आले. विंग या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील क्रिश्चन्सबर्ग येथे औषधदुकानांच्या साखळीसाठी सेवा सुरू केली, तर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील लोगन शहरात एका व्यापारसंकुलाच्या छपरावरूनच उड्डाणे होऊ लागली. ज्या वॉलमार्टच्या दुकानांपासून दहा मैलांच्या आत अमेरिकेची सुमारे ९० टक्के लोकसंख्या राहते, तिला यामुळे आयतीच गोदामे लाभली. दुकानाच्या मांडणीवरून वस्तू उचलून बांधणारा कामगार आता गिऱ्हाइकासाठी अदृश्य, पण अपरिहार्य झाला. दुकानात माल आणणारी मालमोटार मात्र जागची हलली नाही. ड्रोनमुळे रस्त्यावरची वाहतूक संपेल हे भाकीत येथेच कोलमडते, कारण त्याने साखळीचा केवळ शेवटचा दुवा बदलला आहे.

या वाटचालीत माघारीही झाल्या. कॅनबेराच्या बोनिथन उपनगरातील रहिवाशांनी पंख्यांच्या कर्कश आवाजाविरुद्ध तक्रारी केल्या. अॅमेझॉनने कॅलिफोर्नियातील लॉकफर्डची सेवा २०२४ मध्ये गुंडाळली. आकाश सर्वांचे असले तरी त्यातला आवाज ज्यांच्या अंगणावर पडतो त्यांची संमती गृहीत धरली गेली, ही त्या वर्षांतली मोठी चूक मानली पाहिजे.

भारतात ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवान्यांची गुंतागुंत कमी केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप गावी लसीच्या ३०० मात्रा पाठवण्यात आल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे घेणारे हे अंतर नऊ मिनिटांत कापले गेले. मुंबई-पुण्यात वेगळी स्थिती आहे. तेथे ‘डार्क स्टोअर’, म्हणजे गिऱ्हाइकांना प्रवेश नसलेली आणि केवळ मागणीनुसार माल बांधणारी कोठारे, गल्लोगल्ली उभी राहिल्याने साठा आधीच दोन-तीन किलोमीटरवर आलेला आहे, आणि दुचाकीवरच्या तरुणाने ते अंतर मिटवले असल्यामुळे ड्रोनने वाचवावे असे फारसे काही शिल्लक नाही. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानचे उदाहरण याहून बोलके आहे: टपाल खात्याने मे २०२५ मध्ये कर्जतहून तेथे ड्रोनने टपाल नेण्याची चाचणी घेतली, पण दस्तुरीपासून घोड्यांच्या पाठीवर आणि हातगाड्यांवर चढणारी धान्याची पोती काही किलोंच्या क्षमतेचे हे यंत्र उचलू शकत नाही. अशा गावात बदल संभवतो तो हलक्या पण निकडीच्या वस्तूंच्या साठ्यात; सर्पदंशावरील प्रतिविष किंवा क्वचित लागणारे औषध गावातच साठवून ठेवायचे, की खालच्या तालुक्याच्या ठिकाणी ठेवून हाक येताच वर पाठवायचे, हा निवडीचा प्रश्न तेथे प्रथमच निर्माण झाला आहे.