सीडीवर राहिलेली मराठी

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर तालुक्यातल्या लोधीखेड्यात घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी, अशी विभागणी तेव्हापासून पक्की झाली. 2023 मध्ये छिंदवाड्यातून सौंसरसह पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, तरी ती तशीच आहे. संगणक आला आणि ही सीमा अक्षरांच्या आतही उमटली. भाषाधोरणाला त्याचा दोष देणे सोपे आहे. माझ्या मते मोठे कारण वेगळे होते: मराठी दिसायला संगणकात आणखी कोणते भाग लागतात, हे सॉफ्टवेअर बसवताना नीट तपासले गेले नाही, नोंदले गेले नाही आणि सोबत दिलेही गेले नाही.

सुरुवात वाईट नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले जिस्ट तंत्रज्ञान 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की लिपी, कळफलक आणि जोडाक्षरे एकाच ठिकाणाहून मिळत, आणि मजकूर इस्की संहितेत साठे. 1991 मध्ये तीच संहिता आयएस 13194 या क्रमांकाने भारतीय मानक झाली. विंडोजच्या काळात मात्र फॉन्टचा बाजार वाढला. श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, कृतिदेव अशा प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या क्रमाने बसवले. संच बसवणे सोपे होते, कारण लागणारे सगळे त्याच संचात असे. पण फाइलमध्ये मराठी उरलीच नाही, उरले ते एका विशिष्ट फॉन्टवाचून निरर्थक असलेले संकेत. मध्य प्रदेशात हिंदी टंकनासाठी कृतिदेवचे राज्य होते. नागपुरात श्रीलिपीत केलेला मजकूर कृतिदेवच्या संगणकावर उघडला की त्याची अक्षरे विस्कटणारच. सीमेवरच्या गावाला हा फटका दोन्ही बाजूंनी बसतो.

युनिकोडने मजकूर फॉन्टपासून सोडवला, पण परावलंबन संपले नाही. ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे सरकले. विंडोज 2000 मध्ये मराठीला अक्षरे जुळवणारे युनिस्क्राइब हे यंत्र आणि मंगल फॉन्ट यांचा आधार मिळाला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र भारतीय लिप्यांचा आधार मुळात बंद असे. प्रादेशिक सेटिंगमध्ये एक चौकोन निवडायचा, मग मूळ सीडी घालायची. ज्याच्याकडे सीडी नाही त्याला पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे दिसे आणि जोडाक्षरे सुटी पडत. सिस्टिमच्या फाइली परस्पर बदलायची सोयही नव्हती, कारण विंडोज त्या पूर्ववत करी. ऑफिस 2003 ने युनिस्क्राइबची स्वतःची नवी प्रत सोबत आणली, त्यामुळे एकाच संगणकावर एकच मजकूर दोन प्रोग्रॅममध्ये वेगळा दिसू शके. डेबियन या लिनक्स प्रणालीत नव्वदच्या दशकापासून प्रत्येक पॅकेज आपल्याला काय लागते ते लिहूनच येते. 1999 च्या विंडोज इन्स्टॉलरमध्येही सामायिक भाग जोडण्याची आणि अट पूर्ण नसल्यास थांबण्याची सोय होती. म्हणजे साधने हाताशी होती.

सामायिक भाग एकदाच असला तर जागा वाचते आणि सुरक्षेची दुरुस्ती एकाच ठिकाणी होते, असा आक्षेप हे भाग प्रोग्रॅमसोबत देण्यावर घेतात. तो खरा आहे. पण त्याच सामायिक फाइलीवर नव्या प्रोग्रॅमने आपली आवृत्ती लादली की जुना कोसळे, हेही विंडोजच्या जगाने वर्षानुवर्षे सोसले. अक्षरे जुळवणारे यंत्र प्रोग्रॅमने सोबत आणावे, मजकूर मात्र सार्वजनिक मानकातच ठेवावा, हा मार्ग मला योग्य वाटतो. लिबरऑफिसने 2017 मध्ये 5.3 आवृत्तीपासून सर्व सिस्टिमांवर हार्फबझ हे असेच यंत्र वापरून नेमके हेच केले. जुन्या फॉन्टसंचांनी सगळे सोबत दिले होते, पण मजकूरही त्यातच अडकवला. चूक तिथे झाली.

दुसरा आक्षेप असा की 2007 च्या विंडोज विस्टापासून हा आधार आपोआप मिळतो, मग प्रश्न उरतोच कुठे? उरतो, कारण देवनागरी चालली म्हणजे मराठी चालली असे नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये आले 2008 साली, 5.1 आवृत्तीत. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टमध्ये त्याची जागा असणे शक्यच नव्हते. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ यांतला रफाराचा फरक मराठीला जपावाच लागतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही. हिंदी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम निर्दोष ठरतो आणि मराठीत ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन येऊ शकतो. हिंदीसाठी मांडलेल्या संगणकांवर मराठी लिहिणाऱ्या लोधीखेड्यासारख्या गावात ही उणीव सर्वात आधी दिसते, आणि तिची तक्रार सर्वात शेवटी ऐकली जाते.

म्हणून इन्स्टॉलर बांधणाऱ्यांना विनंती आहे: आपले सॉफ्टवेअर हिंदी सेटिंगच्या कोऱ्या संगणकावर बसवा आणि त्यावर ‘ॲ’ व ‘ऱ्या’ उमटतात का ते पाहा. उमटत नसतील तर योग्य फॉन्ट परवान्यासह सोबत द्या, आणि कोणत्या भागाची कोणती आवृत्ती लागते ते लिहून ठेवा. जुन्या फाइली सांभाळणाऱ्यांनीही प्रत्येक फाइलीसोबत तिच्या फॉन्टचे नाव नोंदवावे; ते हरवले तर तो मजकूर परत वाचता येणे फार कठीण आहे.