ओंगण ते ग्रीस : गोंदिया परिसरातील चाकाच्या निगेचा कालक्रम

गाडीच्या चाकाला वंगण किती दिवसांनी द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराच्या कक्षेतील वाटतो. परंतु धानउत्पादक प्रदेशाच्या वाहतुकीचा इतिहास अभ्यासताना हाच प्रश्न वारंवार समोर येतो, आणि त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्याच्या (स्थापना १ मे १९९९, तत्पूर्वी भंडारा जिल्ह्याचा भाग) संदर्भात बंडी, रेल्वेचा डबा आणि ट्रॅक्टरची ट्रॉली या तीन वाहनांच्या आधारे या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

चाक आणि आस यांच्यातील स्नेहाचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वीपासून ज्ञात होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अभ्यंगाचे गुण सांगताना तेल मुरलेला घडा, तेलाने मर्दन केलेले चामडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस असे तीन दृष्टांत योजले आहेत. विमानस्थानात तर आयुर्मर्यादेची चर्चा करताना आसाचेच उदाहरण पुन्हा येते: चांगला आसही अतिभाराने, वाईट वाटेने किंवा वंगणाअभावी अकाली मोडतो. वैद्यकाच्या ग्रंथकाराला हा दृष्टांत सुचावा आणि तो वाचकाला विनासायास कळावा, यावरून ही निगा किती सर्वपरिचित होती याची कल्पना येते.

बंडीच्या चाकाला द्यावयाच्या या पदार्थास मराठीत ओंगण म्हणतात. जळक्या चिंध्या, ताग किंवा तणीस यांची काजळी एरंडीच्या वा हाती असेल त्या जाड तेलात कालवून ते केले जाई. बंडी एका बाजूने टेकूवर उचलायची, कुणी काढून चाक आसाच्या टोकापर्यंत ओढायचे, काडीने ओंगण भरायचे आणि चाक पुन्हा आत सारायचे, अशी ही रीत होती. याला ठराविक मुदत नव्हती. मुदत ठरवीत असे तो आवाज. चाक करकरू लागले की गडी थांबत असे; लांबच्या वाटेवर मुक्कामाच्या ठिकाणी बैल सोडल्यानंतर चाकांकडे पाहणे हे ओघाने आलेच. कोरड्या आसाचा भार शेवटी बैलाच्या खांद्यावर जातो, हे गाडीवानाला कोणी शिकवावे लागत नव्हते. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ओंगण देणारा, गाडी हाकणारा आणि आवाज ऐकणारा हे बहुधा एकच असत.

रेल्वेने ही एकता मोडली. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वे या भागातून गेली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तिचा ताबा घेऊन ती ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारा अडीच फुटी सातपुडा मार्ग सुरू झाला आणि गोंदिया हे जंक्शन बनले. त्या काळच्या डब्यांत आसाच्या टोकावर पांढऱ्या धातूचे अस्तर दिलेले पितळी बेअरिंग बसे व खालच्या पेटीत तेलाने भिजविलेले सुताचे वा लोकरीचे पॅकिंग असे. पॅकिंग सुकले की आस तापे; 'हॉट ॲक्सल' झालेला डबा गाडीतून काढावा लागे, अन्यथा आस तुटून गाडी घसरण्याचा धोका असे. शेकडो मैल धावणाऱ्या डब्याचा आवाज एकाच माणसाने ऐकत राहणे शक्य नव्हते. म्हणून पॅकिंग बदलल्याची तारीख डब्यावर रंगविण्याची पद्धत आली. माझ्या मते चाकाच्या निगेच्या इतिहासातील खरे वळण हेच होय. कानाने ठरणारी मुदत येथे प्रथमच दिनदर्शिकेने ठरू लागली. अर्थात जुनी रीत पूर्णपणे लोपली नाही. स्थानकावरून जाणाऱ्या गाडीच्या चाकांकडे कर्मचाऱ्यांनी लक्ष ठेवण्याचा नियम पुढेही टिकला.

गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट वेल्समध्ये फिलिप वॉन याने १७९४ मध्ये घेतले, तेही घोडागाडीच्या आसासाठी. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे १८९८ चे पेटंट घेणारा हेन्री टिमकेन हाही मूळचा बग्गी बनविणाराच. म्हणजे आज मोटारीशी जोडली जाणारी ही वस्तू जनावराने ओढलेल्या गाडीच्या गरजेतून निर्माण झाली आहे. आपल्याकडे मात्र ती बंडीपर्यंत उशिरा, रबरी टायरच्या गाडीबरोबर पोहोचली, आणि तिचा खरा प्रसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमुळे झाला.

ट्रॉलीचे बेअरिंग हबच्या आत, सील आणि टोपीमागे दडलेले असते. ते करकरत नाही. आवाज येऊ लागतो तेव्हा ते बहुधा बिघडलेलेच असते. म्हणूनच मुदतीचा प्रश्न येथे अधिक गंभीर होतो. परदेशात प्रवासाच्या ओढगाड्यांसाठी, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरसाठी, वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांनंतर, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गोंदियातील ट्रॉली वर्षभरात इतके अंतर क्वचितच कापेल. पण म्हणून मुदत लांबविता येईल, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहताना ती चिखलाच्या बांधीत उतरते, त्यानंतर कित्येक आठवडे उभी राहते, आणि दिवाळीच्या सुमारास एकाएकी क्षमतेपेक्षा अधिक धान घेऊन खरेदी केंद्राकडे व गिरणीकडे निघते. सीलमधून शिरलेले पाणी ग्रीस पांढुरके करते, उभ्या चाकात रोलरवर गंज धरतो, आणि त्यानंतर लगेच सर्वाधिक भार येतो. चरकाने मोजलेली तीनही कारणे, अतिभार, वाईट वाट आणि स्नेहाचा अभाव, येथे एकाच हंगामात एकत्र येतात. तेव्हा या प्रदेशापुरता योग्य काळ पावसाळा संपल्यानंतर आणि कापणीपूर्वी, असाच मानावा लागेल. उन्हाळी धान घेणाऱ्यांनी त्या हंगामाआधीही एकदा हब उघडून पाहणे इष्ट.

आज ट्रॉलीचा मालक, चालक आणि मेस्त्री ही तीन वेगळी माणसे असतात. ग्रीस शेवटचे केव्हा भरले, हे अनेकदा तिघांपैकी एकालाही सांगता येत नाही. भरलेल्या ट्रॉलीचे चाक रात्री रस्त्यावर निखळते तेव्हा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्याची किंमत मोजावी लागते. रेल्वेने डब्यावर जशी तारीख रंगविली, तशी ट्रॉलीच्या फळीवर रंगविण्यास एक ब्रश आणि थोडा पांढरा रंग पुरेसा आहे.