डोलोरेसचे धर्मगुरू

मेक्सिकोतील ग्वानाह्वातो राज्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा जन्मले, गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेसही जन्मले. परंतु त्या राज्याचे नाव निघताच मेक्सिकन माणसाला प्रथम आठवतात ते एक धर्मगुरू, मिगेल इदाल्गो.

८ मे १७५३ रोजी पेन्हामोजवळच्या कोर्रालेहो येथे त्यांचा जन्म झाला. व्हायादोलिदच्या (आजचे मोरेलिया) सान निकोलास महाविद्यालयाचे ते रेक्टर झाले आणि १८०३ साली डोलोरेस या धर्मग्रामात आले. तेथे त्यांनी आदिवासी व गरीब प्रपंचिकांना मातीची भांडी घडविणे, मधमाश्या पाळणे, तुतीवर रेशमाचे किडे वाढविणे असे उद्योग शिकविले. व्रतपालनात मात्र ते आदर्श नव्हते. त्यांना अपत्ये होती, हे लपविण्यात अर्थ नाही.

१६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे त्यांनी चर्चची घंटा वाजवून लोकांना स्पॅनिश अंमलाविरुद्ध उठविले. वाटेत आतोतोनिल्कोच्या मंदिरातील ग्वादालुपे माउलीचे चित्र त्यांनी हाती घेतले आणि तेच सैन्याचे निशाण झाले. अवघ्या बारा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, ग्वानाह्वातो शहरातील अलोन्दिगा या धान्यकोठाराचे दार जमावाने जाळले आणि आत आश्रयास गेलेल्यांची कत्तल केली. पुढे इतर शहरांत स्पॅनिश कैद्यांचे शिरच्छेद झाले, तेही खुद्द इदाल्गोंच्या संमतीने. माउलीच्या चित्राखाली हे घडावे, याचे शल्य मला त्यांचे चरित्र वाचताना दरवेळी बोचते. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्वादालाहारा येथून गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूमही त्याच हाताने काढला! मिचोआकानचे नियुक्त महागुरू आबाद इ केइपो हे त्यांचे जुने स्नेही. त्यांनीच २४ सप्टेंबरला त्यांना बहिष्कृत केले होते.

जानेवारी १८११ मध्ये काल्देरोनच्या पुलाजवळ बंडखोर हरले, मार्चमध्ये फितुरीने पकडले गेले. चिवावा येथे इदाल्गोंचे धर्मगुरूपद काढून घेण्यात आले. मृत्यूपूर्वी त्यांनी पापनिवेदन केले. ३० जुलै १८११ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्यांचे व तीन साथीदारांचे शिर पिंजऱ्यांत घालून अलोन्दिगाच्या चार कोपऱ्यांना टांगण्यात आले, आणि मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत, १८२१ पर्यंत, ते तेथेच होते.