भुईआवळी, कावीळ आणि गोळ्यांनी बिघडलेलं लिव्हर

शिरूर-दौंडकडे पावसाळ्यात उसात, कांद्यात भुईआवळी उगवतेच. पानांखाली आवळ्यासारखी बारीक फळं. मी तिला तण म्हणून खुरपून बांधावर टाकतो. जुनी माणसं मात्र कावीळ झाली की तिचाच रस ताकातून द्यायची.

हा उपाय पुढे दवाखान्यात तपासला गेला. 1988 साली मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये छापलं की, 30 दिवस भुईआवळी घेतलेल्या हिपॅटायटीस बीच्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नंतर इतर ठिकाणी तसा गुण काही दिसला नाही.

गोळ्यांनी लिव्हर बिघडणं हा वेगळाच विषय. टीबीवरचं आयसोनियाझिड 1952 मध्ये आलं. त्यानं असंख्य जीव वाचले, पण काहींना त्यानंच कावीळ होते. पॅरासिटामॉल जास्त दिलेल्या उंदरांचं लिव्हर भुईआवळीनं सावरल्याचे प्रयोग आहेत. माणसाला मात्र अ‍ॅसिटिलसिस्टीनच देतात, कारण लिव्हरमधलं संपलेलं ग्लुटाथायोन ते भरून काढतं.

उलटंही घडतं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला.

म्हणून सांगतो, टीबीच्या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली, तर रस वाटत बसू नका. त्याच दिवशी गोळ्यांचं पाकीट घेऊन दवाखाना गाठा. घरचा कुठला पाला घेतला, तेही डॉक्टरांपासून लपवू नका.