गावचे काम आणि गावचा शब्द : वेरूळचा दाखला



वेरूळचे नाव काढले की कैलास लेणे डोळ्यांपुढे उभे राहते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत ते कोरविले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्या शिल्पाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. लेण्यांच्या पायथ्याशी, येळगंगेच्या काठी वेरूळ नावाचे एक गावही आहे. त्या गावाला पाणी कोणी दिले, देऊळ कोणी बांधले, आणि ही कामे ठरविताना गावाला कोणी विचारले काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम मालोजीराजे भोसले यांचे उदाहरण घेऊ. वेरूळच्या भोसले घराण्यातील या कर्त्या पुरुषाने घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. शिखर शिंगणापुरास यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून तेथे तळे बांधविले. वेरूळच्या शेतात देवीच्या कृपेने द्रव्य सापडले व ते अशा कामी लागले, असे बखरकार सांगतात. कथेची सत्यासत्यता बाजूस ठेवू. मिळालेले धन पाण्यासाठी वेचावे, ही त्या काळाची पुण्यकल्पना मात्र तिच्यातून स्पष्ट दिसते. पुढे होळकरांच्या काळात घृष्णेश्वराची पुन्हा उभारणी झाली. तेथील शिवालय तीर्थाच्या तांबूस दगडाच्या पायऱ्या आजही अहल्याबाईंचे नाव सांगतात.

शेजारी मलिक अंबराचे काम याहून निराळ्या जातीचे होते. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१७च्या सुमारास त्याने डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. हे दान नव्हे, नगररचना होय. लोकवस्तीआधी पाण्याचा विचार करणारा हा हबशी वजीर मोठ्या दृष्टीचा पुरुष खरा. तरीही दाता असो वा वजीर, निर्णय त्याचा आणि उपभोग लोकांचा, हीच रीत होती.

मग जुन्या गावाला स्वतःचा शब्दच नव्हता काय? होता. वतनाचा वा शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, मिरासदार आणि बलुतेदार एकत्र येत. निवाड्याच्या महजरावर कुणबी नांगराची निशाणी करी, न्हावी आरशाची, चांभार रापीची. अक्षरशत्रू माणसाचीही साक्ष कागदावर उमटे. ही व्यवस्था आपल्या अभिमानाचा विषय आहे, पण अभिमानाने तिची उणीव झाकता येणार नाही. ज्याची निशाणी महजरावर चाले, त्याचा घडा विहिरीवर चालेच असे नव्हते. स्त्रियांना तर त्या सभेत जागाच नव्हती.

ही उणीव किती खोल होती, हे याच परिसरातील एक प्रसंग सांगतो. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्यापाशी, प्रवासाची धूळ धुण्यासाठी, मंडळींनी दरवाजाजवळच्या हौदातील पाणी घेतले. ‘हौद बाटविला’ म्हणून आरडाओरडा झाला व जमाव गोळा झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि तेवढे पाहण्यासाठी एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

त्याआधी सात वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. ते तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२४ सालचाच होता! ठराव दप्तरात आणि तळे मूठभरांकडे, अशी ती स्थिती. हौद बांधला म्हणजे पाणी सर्वांचे झाले असे नव्हे, आणि ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला असेही नव्हे, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

१९४८ मध्ये निजामी राजवट संपली व १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद ठरतो. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. गोतसभेत ज्यांना जागा नव्हती त्यांना कायद्याने जागा दिली.

वेरूळसारख्या गावी ही जागा अधिक मोलाची आहे. १९८३ पासून लेणी जागतिक वारसा आहेत. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य व त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीने, असे २०१० पासूनचे बंधन आहे. १९९२ पासून जपानच्या कर्जसाहाय्याने अजिंठा-वेरूळ विकासाची योजना राबविली गेली. तीत रस्ते, पाणीपुरवठा, वनीकरण आणि विमानतळही होते. लेणे जगाचे, ज्योतिर्लिंग साऱ्या देशाचे. पण सांडपाणी कोणत्या गल्लीतून वाहते, शिवरात्रीच्या गर्दीत कोणाचे दार अडते, हे गावकऱ्यालाच ठाऊक. हे ज्ञान नकाशात उतरायचे तर ते ग्रामसभेत बोलले गेले पाहिजे.

आणि येथेच आपली परीक्षा आहे. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे रिकाम्या सभेतही गावाचे भवितव्य ठरू शकते. जुन्या काळी दाता गावाला विचारीत नसे. आज कायदा विचारतो आणि आपणच घरी बसतो. मालोजी वा अहल्याबाई यांची वाट पाहण्याचे दिवस संपले. महजरावर नांगराची निशाणी करणारा कुणबी निदान सभेला येऊन बसत तरी होता. त्याच्याइतके आपण केले, आणि ज्याला त्या काळी पाण्यापासून दूर ठेवले त्याला शेजारी बसवून केले, तर गावचे काम खऱ्या अर्थाने गावचे होईल.