पोवाड्याचे मूळ

डफावर थाप पडली की आपल्या डोळ्यांपुढे गड आणि तलवारी उभ्या राहतात. कीर्तनाची वीणा वेगळी आणि शाहिराचा डफ वेगळा, असे आपण धरून चालतो. पण पोवाड्याचे मूळ शोधत मागे जावे, तर वाट देवाच्या दारी येते.

आधी शब्दच पाहा. संतवाणीत 'पवाडा' म्हणजे पराक्रम, कीर्ती. देवाने भक्तासाठी जे थोर कृत्य केले, तोही पवाडाच. पुढे ते कृत्य सांगणाऱ्या गाण्याला तेच नाव मिळाले.

मग गाणारे पाहा. हे गाणे पुष्कळ काळ सांभाळले ते गोंधळ्यांनी. दिवटी पेटवायची, संबळ-तुणत‍ुण्यावर देवीला आळवायचे, मग कथा लावायची. याच गोंधळाचे रूप घेऊन नाथांनी परमार्थ सांगितला, हे आपण जाणतोच.

शिवकाळातले दोन पोवाडे प्रसिद्ध आहेत. १६५९च्या अफजलखान-प्रसंगावरचा अज्ञानदासाचा आणि १६७०च्या सिंहगडावरचा तुळशीदासाचा. ही नावे आपल्याला कळतात, कारण शाहीर शेवटी आपले नाव गुंफतो; अभंगातल्या नाममुद्रेसारखेच. पुढे पेशवाईत गाजलेले राम जोशी आणि अनंतफंदी तर उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळले. डफ आणि वीणा अशी पुन्हा भेटली.

आता विचार करण्याजोगी गोष्ट. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून छापले ते १८९१ साली. म्हणजे अफजलखानाचा प्रसंग घडल्याला तेव्हा २३२ वर्षे झाली होती. मधल्या पिढ्यांत हे धन पुष्कळसे मुखीच राहिले. मुखी राहिलेल्या शब्दात भर पडते, गळही होते. म्हणून इतिहासकार प्रत्येक ओळ पारखून घेतो. तरी ते मुखच नसते, तर पारखायला काय उरले असते? तुकोबांची गाथा लोकगंगेने तारली, असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने.

मात्र मुख मिटले की गाणेही जाते. आपल्या दिंडीत, आपल्या घरात कुणा आजीला जात्यावरची ओवी येत असेल, कुणा आजोबांना जुना पोवाडा येत असेल. यंदा त्यांच्याजवळ बसा. ऐका, उतरून घ्या, आणि खाली सांगणाऱ्याचे नाव व गाव लिहायला विसरू नका. ज्याने सांभाळले, त्याची मुद्रा त्यावर असलीच पाहिजे.