मुलगा पारखायचा कसा? ड्राफ्ट, एसएसबी आणि खाशाबा

बंगळुरूच्या जे. पी. नगरमधून तुमच्याशी बोलतोय.

दर एप्रिलमध्ये एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला आमच्याकडे फोन वाजतो. नातू टेक्सासमध्ये असतो. तिकडे गुरुवारची संध्याकाळ. "आजोबा, ड्राफ्ट सुरू झाला!" हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांतून व्यावसायिक संघ त्या दिवशी आपापले गडी उचलतात. सुरुवातीला मी नातवाच्या हौसेखातर बघायचो. मग लक्षात आलं की हे काम तर मी स्वतः केलंय, फक्त वर्दीत.

आधी त्या ड्राफ्टचा इतिहास. 1930च्या दशकात पैसेवाले संघ चांगली पोरं पळवायचे आणि गरीब संघ हरत राहायचे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी 1935 मध्ये तोडगा सुचवला : जो संघ सर्वांत खाली, त्याने पहिली निवड करायची. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. पहिलं नाव पुकारलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं. गंमत अशी की हा गडी व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पैशांवर एकमत झालं नाही, त्याने दुसरा मार्ग धरला. म्हणजे पहिल्याच निवडीने निवडणाऱ्यांना चकवलं!

पुढे मोजमाप आलं. 1982 पासून निवडक पोरांना एकत्र बोलावून सामायिक चाचणी घेतात. 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर धावायचं. जागेवरून उंच उडी. सुमारे 102 किलोचं वजन छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजायचं. हाताच्या पंजाची लांबीसुद्धा पट्टीने मोजतात. वर डॉक्टरी तपासणी आणि मुलाखती.

आणि निकाल? 1998 मध्ये पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावर जाणकारांत खल चालला होता. मॅनिंग पहिला गेला, लीफ दुसरा. मॅनिंग थोर ठरला, लीफची कारकीर्द चार हंगामांत आटोपली. 2000 मध्ये टॉम ब्रेडी नावाच्या किडकिडीत पोराने ते 40 यार्ड 5.28 सेकंदांत कापले. त्याच्या जागेसाठी हे फारच हळू. त्याचं नाव 199व्या क्रमांकावर आलं. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. धाव मोजणारं घड्याळ बरोबरच होतं. पण दडपणाखाली हा मुलगा डोकं किती शांत ठेवतो, हे सांगणारं घड्याळ कुणाकडे नव्हतं.

आता आपल्याकडे या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने अधिकारी निवडताना मानसशास्त्र वापरलं. 1942 मध्ये ब्रिटिशांनी त्यावरून आपली निवड मंडळं उभारली आणि 1943 मध्ये डेहराडूनला हिंदुस्थानातलं पहिलं प्रायोगिक मंडळ बसलं. आजची एसएसबी त्याच वंशातली. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि मैदानावरचा गट चाचणी अधिकारी, असे तिघे मुलाला वेगवेगळे पारखतात. शेवटच्या दिवशीच्या परिषदेपर्यंत एकमेकांशी त्याच्याबद्दल बोलत नाहीत. आम्ही त्याला 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतो. मी त्यातला कर्मणा, म्हणजे मैदानावरचा.

एक कबुली देतो. सीमाभागातला एक मुलगा माझ्या गटात होता. गटचर्चेत जेमतेम तीन वाक्यं बोलला, तीही अडखळत. अडथळ्यांतही मागे पडला. पुढे एका कामगिरीत फळी घसरली. बाकीचे सात जण भांडत बसले. याने मुकाट्याने दोरी बांधली, फळी बसवली आणि बाजूला झाला. मी ते पाहिलं. तरी चर्चेतल्या गप्पपणाचं ओझं माझ्या मनावर इतकं होतं की गुण कमीच दिले. मुलगा परत गेला.

काही वर्षांनी एका उंच चौकीवर एक कॅप्टन समोर आला, कडक सॅल्यूट ठोकला आणि हसून म्हणाला, "सर, ती फळी आठवते?" तिसऱ्या प्रयत्नात निवडला गेला होता. त्याच्या हाताखालच्या जवानांचा त्याच्यावर जीव होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. हा परत आला, पण ज्यांच्या घरी दुसऱ्यांदा रेल्वेच्या तिकिटालाही पैसे नव्हते, त्यांचं काय झालं असेल?

इथे मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना चण लहान म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत उतरू दिलं नाही, अशी हकीकत सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आखाडा मारला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीतला मल्ल, गादीची सवय नाही, तरीही. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

दोघांनी एकच मुलगा पाहिला. एकाने त्याची उंची पाहिली. दुसऱ्याने ऐकून घेतलं, एक संधी दिली, आणि पुढे आपलं घर पणाला लावलं.

मोजमाप टाकून द्या, असं मी म्हणत नाही. मोजमाप नसलं की वशिला शिरतो, हे आपण सगळे जाणतो. माझं म्हणणं इतकंच : तीन वेगळे डोळे ठेवा, घाईने शिक्का मारू नका, आणि परत येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवा. तुमच्यापैकी कुणी शाळेत संघ निवडत असेल, कचेरीत मुलाखती घेत असेल, तर उद्या त्या गप्प पोराकडे एकदा पुन्हा बघा. फळी घसरली की तो काय करतो, तेवढं बघा.

जय हिंद.